चौकटीबाहेरची हालचाल

जून १९६३मध्ये अमेरिकी प्रेक्षकांसमोर दोन गोष्टी आल्या. पहिली ‘जेसन अँड द आर्गोनॉट्स’ हा चित्रपट. त्यात सात सांगाडे जमिनीतून उगवतात आणि तलवारी घेऊन तीन माणसांवर तुटून पडतात. वीतभर उंचीचे ते सांगाडे रे हॅरीहाउसनने हातांनी हलवले. एक सांधा किंचित वळवायचा, कॅमेऱ्याची एक चौकट टिपायची, पुन्हा पुढचा सांधा. त्या लढाईला साडेचार महिने लागले. दिवसाकाठी सरासरी १३ चौकटी हाती लागत आणि पडद्यावर तर सेकंदाला २४ सरकतात. म्हणजे दिवसभर राबल्यावर जेमतेम अर्ध्या सेकंदाची लढाई.

दुसरी गोष्ट कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडमध्ये २३ जूनला उघडली. ‘एन्चांटेड टिकी रूम’ या लहानशा नाट्यगृहात दीडशेहून अधिक पक्षी, फुले आणि लाकडात कोरल्यासारख्या दिसणाऱ्या देवमूर्ती गाऊ-बोलू लागल्या. चुंबकीय फितीवर गाण्याच्या बरोबरीने हालचालींच्या सूचनाही सुरांच्या रूपात मुद्रित केल्या होत्या. ठरलेला सूर आला की धातूची एक बारीक पट्टी थरथरे, विजेचा मार्ग जोडला जाई, हवेची झडप उघडे आणि पोपटाची चोच हले. वॉल्ट डिस्नेच्या माणसांनी या तंत्राला ‘ऑडिओ-ॲनिमेट्रॉनिक्स’ असे नाव दिले.

पहिल्या गोष्टीला ॲनिमेशन म्हणायला कुणाचीच हरकत नसते. दुसरीला यंत्र म्हणतात, करमणूक म्हणतात, फार कौतुक असेल तर यंत्रमानव म्हणतात. ॲनिमेशनच्या इतिहासात मात्र तिची बोळवण एखाद्या ओझरत्या उल्लेखावर होते. मला ही वाटणी मान्य नाही. १९६३ ते १९९३ या तीस वर्षांत या दोन वाटा कितीदा एकमेकींना छेदून गेल्या ते नीट पाहिले, तर त्यांच्यामधली भिंत चुकीच्या जागी उभी आहे हे दिसते.

भिंत बांधली ती चौकटीच्या आधाराने. एकेक चौकट वेगळी घडवली तर ॲनिमेशन, नाही तर नाही, असा हा दंडक. तो सोयीचा आहे, पण पहिल्यापासून अडखळत आला आहे. १९१२मध्ये दादासाहेब फाळक्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ थोड्या थोड्या अवधीने एकेक चौकट टिपून चित्रित केली. दंडक शब्दशः लावला तर ते ॲनिमेशन ठरते. पण त्या रोपाची हालचाल फाळक्यांनी रचलेली नव्हती. रोप स्वतःच वाढत होते, फाळक्यांनी फक्त काळ आवळला. उलट कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डात काम करणाऱ्या नॉर्मन मॅक्लॅरेनने १९५२मध्ये ‘नेबर्स’ केला. त्यात हाडामांसाची दोन माणसे चौकटी-चौकटीने ‘हलवली’ होती. ऑस्करवाल्यांनी त्या लघुपटाला पुरस्कार दिला तो माहितीपटाच्या गटात! जिवंत माणसांची बाहुली केली तर ती कुठल्या खणात ठेवायची, हे त्यांना ठरवता आले नाही.

याच मॅक्लॅरेनचे एक मत ॲनिमेशनच्या शिक्षणात सतत सांगितले जाते. चित्र काय आहे यापेक्षा दोन चौकटींच्या मध्ये काय घडते ते महत्त्वाचे, असा त्याचा आशय. मला तो आशय फार मोलाचा वाटतो, कारण त्यात कॅमेऱ्यापेक्षा हालचालीच्या रचनेला मान आहे. मग प्रश्न असा विचारायला हवा: जी वस्तू आपण होऊन हलू शकत नाही, तिची हालचाल कुणीतरी तुकड्यातुकड्याने, आधीपासून, पुन्हापुन्हा तपासून पक्की केली आहे का? केली असेल तर ते ॲनिमेशन. ती हालचाल पुढे सेल्युलॉइडवर उतरते की पोलादी सांध्यांतून, हा माध्यमाचा भाग झाला.

डिस्नेच्या कंपनीत हा प्रश्न कुणी तात्त्विक पातळीवर मांडला नव्हता. तिथे माणसांनीच खोली बदलली. मार्क डेव्हिस १९३५मध्ये स्टुडिओत आला होता. टिंकर बेल, मॅलेफिसेंट, क्रुएला द व्हिल ही पात्रे पडद्यावर चालवली ती त्याच्या पेन्सिलीने. साठच्या दशकात तो उद्यानाच्या कामाकडे वळला आणि १९६७च्या ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’मधली कितीतरी दृश्ये त्याने बेतली. त्या चाच्यांचे चेहरे घडवणारा शिल्पकार ब्लेन गिब्सन हाही आधी ॲनिमेशन विभागातच होता. होडी पात्रासमोरून काही सेकंदांत पुढे सरकते, तेवढ्यात हा माणूस लबाड आहे की भित्रा, हे कळले पाहिजे. म्हणून गिब्सन नाक, हनुवटी, भुवया मुद्दाम वाढवून घडवी, आणि डेव्हिस प्रत्येक पात्राला अशी एक ढब देई की नुसत्या बाह्यरेषेवरून प्रसंग समजावा. हे चित्रपटातल्या ॲनिमेटरचेच शहाणपण आहे. आकृती काळ्या सावलीत भरली तरी कृती ओळखू यावी, हा धडा त्यांनी कागदावर घोटला होता.

याहून बोलका पुरावा १९६४च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात होता. डिस्नेने तिथे चार दालनांसाठी काम केले. त्यांतल्या फोर्ड कंपनीच्या दालनात मोटारीत बसून प्रागैतिहासिक काळातून जाता येई. टायरॅनोसॉरस आणि स्टेगोसॉरस यांची झुंज हा तिथला मोठा क्षण. प्रेक्षकांनी ती झुंज आधी पाहिलेली होती. १९४०च्या ‘फँटेशिया’त स्ट्राविन्स्कीच्या संगीतावर हाताने रेखाटलेली झुंज हीच. प्रदर्शन संपल्यावर ते डायनोसॉर डिस्नेलँडच्या आगगाडीच्या मार्गावर नेऊन बसवले गेले. एकच प्रसंग, एकच कंपनी. १९४०मध्ये तो ॲनिमेशन आणि १९६४मध्ये ‘यंत्र’, हे मला तरी पटवून घेता येत नाही.

त्याच प्रदर्शनात इलिनॉय राज्याच्या दालनात अब्राहम लिंकन खुर्चीतून उठून भाषण करत होता. चेहरा लिंकन हयात असताना, १८६०मध्ये घेतलेल्या मुखसाच्यावरून बेतलेला. या पुतळ्यांच्या हालचाली नोंदवायच्या कशा? वॅथेल रॉजर्स या तंत्रज्ञाने अंगावर धातूच्या दांड्यांचा एक साज चढवला. तो हात उचली, मान वळवी आणि सांध्यांवरची उपकरणे त्या हालचालीचे विजेच्या संकेतांत रूपांतर करून फितीवर उतरवीत. आजच्या मोशन कॅप्चरची ही आजी म्हणायला हवी. इथे माझ्या कसोटीलाही थोडी कसरत करावी लागते, कारण या पद्धतीत हालचाल रचली जाण्याऐवजी अभिनयातून टिपली जाते. पण डिस्नेची माणसे तिथे थांबली नाहीत. पुढे मान, पापणी, मनगट यांच्या हालचाली स्वतंत्रपणे नोंदवून, नंतर संगणकाच्या मदतीने, एकावर एक चढवल्या जाऊ लागल्या. हे काम करणाऱ्याला तिथे ॲनिमेटर म्हणतात.

या ॲनिमेटरांची झुंज मात्र कागदावरच्या ॲनिमेटरपेक्षा वेगळी होती. कागदावर वजन नसते. हत्तीचे पाऊल जड वाटावे म्हणून ते जडपणाने रेखाटावे लागते. पोलादी हाताला वजन आयतेच मिळते आणि तेच त्याचा शत्रू होते. तेलाच्या दाबावर चालणारा हात वेगाने नेऊन एकदम थांबवला की सगळा सांगाडा थरथरतो. म्हणून कितीतरी वर्षे हे पुतळे संथ, पाण्यात बुडाल्यासारखे हलत. हालचालीची सुरुवात आणि शेवट हळुवार करायचा, मोठ्या कृतीआधी उलट दिशेला किंचित झुकायचे, ही रेखाटलेल्या ॲनिमेशनची जुनी तत्त्वे इथे सौंदर्याइतकीच यंत्र वाचवण्यासाठीही लागत. १९८९मध्ये ‘द ग्रेट मूव्ही राइड’मधली चेटकीण आली तेव्हा थांबण्याचा हिसका पोटात घेणारे नवे नियंत्रण तयार झाले होते, आणि ती बाई खरोखर चिडल्यासारखी हात फेकू लागली. एका पात्राला राग यावा म्हणून अभियंत्यांनी एवढे कष्ट घेतले, हे मला अतिशय सुंदर वाटते.

स्वस्तातली आवृत्तीही याच काळात फोफावली. अटारी या व्हिडिओ गेम कंपनीचा संस्थापक नोलन बुशनेल याने १९७७मध्ये सॅन होजेमध्ये पिझ्झाचे उपाहारगृह काढले आणि त्यात गाणारे यांत्रिक प्राणी बसवले. तेच ‘चक ई. चीज’. १९८०पासून ‘शोबिझ पिझ्झा’त ‘रॉक-अफायर एक्स्प्लोजन’ हा प्रतिस्पर्धी वाद्यवृंद आला. या प्राण्यांचे पुष्कळ सांधे दोनच अवस्था जाणत, उघडे किंवा मिटलेले. टीकाकार यावरून नाक मुरडतात. पण दूरदर्शनसाठी खर्च वाचवताना हॅना-बार्बेरा कंपनीने केलेल्या मालिकांत पात्राचे फक्त तोंड हलते आणि मागून तेच झाड पुन्हापुन्हा जाते. त्यांना आपण ॲनिमेशनमधून हाकलले नाही. मर्यादित ॲनिमेशन असे नाव देऊन घरात ठेवले. हाच न्याय पिझ्झाच्या दुकानातल्या अस्वलाला का नको?

आपल्याकडचा वाचक हे वाचताना गणेशोत्सवातल्या हलत्या देखाव्यांपाशी पोहोचला असेल, आणि तो योग्य ठिकाणी पोहोचला आहे. पुण्या-मुंबईच्या मंडळांतला अफझलखानवधाचा देखावा आठवा. खान बाहू पसरतो, महाराज पुढे होतात, ध्वनिमुद्रित निवेदन चढते. आत मोटर, गिअर आणि चकतीवर मध्यबिंदूच्या बाहेर बसवलेली दांडी असते. चकती केवढी, दांडी किती लांब, कुठल्या संवादाला कुठली मोटर सुरू, हे सगळे कारागीर आधी ठरवतो. ती चकती म्हणजे धातूत लिहून ठेवलेली हालचाल. स्वित्झर्लंडच्या जाके-द्रो घराण्याने १७७४मध्ये सादर केलेला लिहिणारा मुलगा सुमारे ६,००० भागांचा आहे, आणि न्यूशातेलच्या संग्रहालयात तो आजही टाक शाईत बुडवून अक्षरे काढतो. त्याच्या पाठीतली चकत्यांची चळत हेच काम करते. कारागिरीत आणि ऐपतीत दोघांमध्ये महदंतर आहे, जात एकच.

सगळेच ॲनिमेट्रॉनिक्स मात्र मी ॲनिमेशनच्या पदरात घालणार नाही. चित्रपटांसाठी या तीस वर्षांत जी यांत्रिक पात्रे झाली, त्यांतली बरीच कळसूत्री खेळाच्या कुळातली आहेत. १९७५च्या ‘जॉज’मधला, खाऱ्या पाण्यात वारंवार बंद पडणारा शार्क, ‘स्टार वॉर्स’ मालिकेतला १९८०चा योडा, १९८२चा, कार्लो राम्बाल्दीने घडवलेला ई.टी. कॅमेरा चालू असताना, त्याच क्षणी, पडद्याआड माणसे तारा ओढत होती, तरफा फिरवत होती. योडाच्या आत फ्रँक ऑझचा हात होता आणि समोरच्या नटाच्या वाक्याला तो हात तिथल्या तिथे उत्तर देत होता. हा अभिनय आहे. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे ठाकर कलावंत सूत्रांवर बाहुल्या नाचवतात, तेव्हा प्रेक्षागृहातला हुंकार बोटांपर्यंत पोहोचतो आणि पुढची गिरकी बदलते. त्या कलेला ॲनिमेशन म्हणणे हा तिचा गौरव नाही, तिच्यातली जिवंत क्षणाची जोखीम पुसणे आहे. ‘मपेट’ बाहुल्यांचा जनक जिम हेन्सन याच्या माणसांनाही याची जाण होती. त्यांनी मोटारी आणि संगणक वापरले ते बाहुलीकाराची बोटे दूरवर पोहोचावीत म्हणून.

म्हणजे ॲनिमेट्रॉनिक्स हे एका कलेचे नाव नव्हे. एकाच प्रकारच्या सांगाड्यावर दोन वेगळे धंदे चालतात. एकात हालचाल आधी रचून ठेवतात, दुसऱ्यात ती त्या घटकेला सादर करतात. सगळा वाद या दोघांना एकाच पंगतीला बसवल्यामुळे चिघळला आहे.

या वादावर खरा उजेड पडतो तो १९८१च्या ‘ड्रॅगनस्लेयर’वरून. हॅरीहाउसनच्या पद्धतीत एक उणीव होती. बाहुली प्रत्येक चौकटीत पूर्ण स्थिर असल्याने तिची प्रतिमा नको तेवढी रेखीव येई आणि हालचाल तुटक दिसे. धावणाऱ्या खऱ्या प्राण्याचे चित्र थोडे फरपटलेले येते. फिल टिपेट आणि इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिकमधल्या त्याच्या सहकाऱ्यांनी बाहुलीला दांड्या जोडल्या, दांड्यांना मोटारी लावल्या आणि मोटारींना संगणकाने आधी नोंदवलेली हालचाल पुरवली. कॅमेऱ्याचा पडदा उघडा असतानाच बाहुली किंचित सरके. या पद्धतीला गो-मोशन म्हणतात, आणि ती ॲनिमेशन आहे याबद्दल आजवर कुणी शंका घेतल्याचे मी वाचलेले नाही. आता पाहा: सांगाडा, मोटारी, नोंदवलेला कार्यक्रम. लिंकनच्या पुतळ्यात याहून वेगळे काय आहे? फरक इतकाच की ड्रॅगनचा कार्यक्रम कॅमेऱ्यासाठी थांबत थांबत चालला आणि लिंकनचा प्रेक्षकांसमोर सलग. सलग चालल्याने कलेची जात बदलते असे म्हणणाऱ्याने ते कसे, हे सांगायला हवे.

मग आले १९९३. ‘जुरासिक पार्क’ची कथा आपण ‘संगणकाने बाहुलीला हरवले’ अशी सांगतो. ती अर्धीच खरी आहे. आधी बेत असा होता की जवळची दृश्ये स्टॅन विन्स्टनचे पूर्णाकृती प्राणी करतील आणि दूरची टिपेटचे गो-मोशन. संगणकाने घडवलेला धावता सांगाडा पाहिल्यावर गो-मोशन गेले आणि टिपेटने आपणच नामशेष झाल्याची भावना बोलून दाखवली. दिग्दर्शक स्पीलबर्गने ते उद्गार विनोद म्हणून चित्रपटातच घेतले. पण टिपेट गेला नाही. त्याच्या स्टुडिओत डायनोसॉरचा धातूचा सांगाडा घेऊन त्याच्या प्रत्येक सांध्यावर कोन मोजणारी उपकरणे बसवली गेली. बाहुलीवाले ॲनिमेटर तो सांगाडा जुन्याच सवयीने वळवत आणि ते कोन संगणकातल्या प्राण्याला मिळत. संगणकाच्या डायनोसॉरला चालायला शिकवणाऱ्यांत हे हात होते.

दुसरीकडे विन्स्टनचा सुमारे ४० फूट लांबीचा टायरॅनोसॉरस उभा होता. चार माणसे त्याची छोटी प्रतिकृती हाताळत आणि मोठा प्राणी तसाच हले. त्या हालचाली संगणकात साठवून पुन्हा चालवताही येत. म्हणजे मी वर जे दोन धंदे सांगितले, ते इथे एकाच देहात राहत होते. पावसाच्या दृश्यात त्याची फोमची कातडी पाणी पिऊन एवढी जड झाली की तो थरथरू लागला, आणि त्याला पुसून कोरडे करावे लागे. चित्रपटात डायनोसॉर दिसतात सुमारे १५ मिनिटे. त्यांतली संगणकाची जेमतेम ६. त्या वर्षीचे दृश्य-परिणामांचे ऑस्कर डेनिस म्युरेन, स्टॅन विन्स्टन, फिल टिपेट आणि मायकेल लँटिएरी यांना एकत्र मिळाले. संगणक, यांत्रिक प्राणी, बाहुली आणि सेटवरची यंत्रणा, चौघेही एका व्यासपीठावर.

त्याच १९९३मध्ये महेश कोठाऱ्यांच्या ‘झपाटलेला’तून तात्या विंचू आला. प्रेरणा १९८८च्या ‘चाइल्ड्स प्ले’मधल्या चकीची, बाहुला रामदास पाध्ये यांचा, आवाज दिलीप प्रभावळकरांचा. लक्ष्मीकांत बेर्ड्यांशी त्याची जी जुगलबंदी रंगते, ती शब्दभ्रमकाराच्या घराण्यातून आलेली आहे. तात्या विंचू माझ्या हिशेबात बाहुलीनाट्याचा मोठा विजय आहे, आणि तो ॲनिमेशन नाही.

पुढे ऑस्कर अकादमीने आपल्या नियमांत स्पष्ट केले की मोशन कॅप्चर आणि त्या क्षणी चालवलेली बाहुली ही स्वतःपुरती ॲनिमेशनची तंत्रे नव्हेत. मला ते पटते. मात्र चित्रपटांसाठीचे नियम चित्रपटापुरतेच बोलणार. आधी रचलेली हालचाल जेव्हा पडद्याऐवजी खोलीत घडते, तेव्हा तिची दखल घेणारे कुणी उरत नाही.

माझ्या म्हणण्याविरुद्धचा सर्वांत जोरकस मुद्दा इथेच आहे. हॅरीहाउसनचा सांगाडा कधीच धावला नव्हता. ती धाव फक्त पडद्यावर आणि आपल्या डोळ्यांत आहे. टिकी रूममधला पोपट मात्र खरोखर चोच उघडतो. न घडलेली हालचाल दिसणे हेच ॲनिमेशनचे मर्म मानले, तर पोपट बाहेर जातो. मी या मुद्द्यापाशी बराच रेंगाळलो आहे आणि त्याला मान देऊनही तो मला निर्णायक वाटत नाही. डिस्नेच्या फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन या दोघा दिग्गजांनी १९८१मध्ये आपल्या कलेवर जे पुस्तक लिहिले, त्याच्या नावात भास आहे तो जगण्याचा, हालचालीचा नव्हे. पोपटाची चोच खरी उघडते, पण शेजारच्या पोपटावर त्याचे रुसणे खरे नाही. ते रुसणे कुणीतरी क्षणाक्षणाने बसवले आहे, आणि प्रेक्षक हसतात ते त्या रुसण्याला.

हा निव्वळ नावाचा खल असता तर मी एवढे लिहिले नसते. जे ॲनिमेशन मानले जाते, ते जपले जाते. डिस्नेच्या ॲनिमेशन संग्रहात साडेसहा कोटींच्या घरात रेखाटने आणि इतर साहित्य आहे. याउलट १९७४मध्ये डिस्नेलँडमध्ये सुरू झालेल्या ‘अमेरिका सिंग्ज’चे काय झाले? मार्क डेव्हिसने बेतलेले शंभराहून अधिक प्राणी त्यात अमेरिकी गाण्यांचा इतिहास गात होते. १९८८मध्ये तो खेळ बंद झाला. बरेचसे प्राणी १९८९मध्ये ‘स्प्लॅश माउंटन’ या नव्या सफरीत नवी गाणी गायला लागले. दोन हंसांची तर खेळ बंद होण्याआधीच कातडी उतरवून त्यांना ‘स्टार टूर्स’मध्ये यंत्रमानव म्हणून उभे केले गेले. देह वाचले आणि नव्या भूमिका करू लागले. जी कृती होती, म्हणजे कुठल्या ओळीला कुणी मान तिरकी करायची, कुठल्या ठोक्याला कुणी पंख उघडायचा, ती संपली. आज ती पाहायची तर तेव्हाच्या प्रेक्षकांनी हौसेने केलेल्या अंधुक चित्रीकरणांवर भागवावे लागते. चौदा वर्षे रोज चाललेला एखादा ॲनिमेशनपट असा नाहीसा झाला असता, तर चित्रपट-संग्राहकांनी आकाश डोक्यावर घेतले असते.

१९७१पासून फ्लोरिडात चाललेला ‘कंट्री बेअर जॅम्बोरी’ही २०२४मध्ये नव्या गाण्यांसह नव्याने बसवला गेला. नवे करायला माझा विरोध नाही. चालते उद्यान म्हणजे वस्तुसंग्रहालय नव्हे. पण असा खेळ उतरवण्याआधी त्याच्या हालचालींची मूळ नोंद, कुठली वाहिनी कुठला सांधा हलवते याचा तक्ता, संगीताची मूळ फीत आणि एकाच जागी कॅमेरा ठेवून केलेले सलग चित्रीकरण चित्रपट-संग्रहालयाकडे जायला हवे, जशी जुन्या चित्रपटाची निगेटिव्ह जाते. पुण्यातल्या एखाद्या जुन्या मंडळाने आपल्या देखाव्याच्या चकत्या, मोटारींचा क्रम आणि निवेदनाची कॅसेट अशीच एका पेटीत जपली आणि कारागिराचे नाव तिच्यावर लिहिले, तर त्या पेटीलाही त्याच कपाटात जागा मिळायला हवी.